चढावरची शिट्टी

त्या भागात गॅरेजं पाच-सहा होती, पण गाडीचं दुखणं कुणाला उमगेना झालं की लोक कानवाल्या मिस्त्रींकडे जात. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण का पाडलं ते सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्री आधी बॉनेट उघडतच नसत. गाडी चालू ठेवायला सांगून हातभर अंतरावर उभे राहत, मान जरा कलती करत आणि डोळे मिटत. मिनिटभराने डोळे उघडून म्हणत, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग," किंवा "तिसरा इंजेक्टर," आणि बहुतेक वेळा तेच निघे. एकदा तर एका गिऱ्हाइकाने फोनवरून इंजिनाचा आवाज ऐकवला, तेव्हाही त्यांनी पट्टा ढिला असल्याचं बरोबर सांगितलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ त्याच गॅरेजात गाड्यांचं वायरिंग बघायचा. ही फोनची गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगे, आणि दर वेळी ते गिऱ्हाईक आणखी थोडं लांबून बोलत असे.

पण गेल्या दीड वर्षात त्या कानांचं बिनसलं होतं. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, मिस्त्रींना आणि त्यांच्या बायकोला. दोघांनी ते एकमेकांपाशी कबूल मात्र केलेलं नव्हतं.

मोठे आवाज व्यवस्थित यायचे. हातोडा, कॉम्प्रेसर, रस्त्यावरचा ट्रक, सगळं जसंच्या तसं. गेले ते बारीक आवाज. आधी मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक गेली. मग गाडीच्या इंडिकेटरची. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की सकाळी खिडकीतून पाखरं ऐकू येत नाहीत. त्यांना वाटलं, शेजारच्यांनी झाड तोडलं असेल. बाहेर जाऊन पाहिलं तर झाड जागच्या जागी, आणि त्यावर चिमण्यांचा बाजार भरलेला. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मिस्त्री आत येऊन गुपचूप दाढी करायला बसले.

घरातही गंमत होऊ लागली होती. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, फोन वाजतोय!" आणि मिस्त्री दारापर्यंत जाऊन विचारायचे, "कोण जातोय?" ती गॅरेजच्या पुढच्या खोलीत सुट्या भागांचं दुकान सांभाळायची. गिऱ्हाईक मिस्त्रींशी बोलत असलं की काही ना काही निमित्ताने ती जवळ येऊन उभी राहायची आणि त्याचं वाक्य मोठ्याने परत म्हणायची, जणू तिलाच नीट समजून घ्यायचंय. मिस्त्रींना ते कळत होतं. आपल्याला कळतंय हे ते दाखवत नव्हते.

एका सकाळी सिस्टर आल्या. त्या घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, चालणं भरभर. टेकडीच्या माथ्यावर जी वस्ती होती तिथली नऊ अंथरुणाला खिळलेली माणसं त्यांच्या वाट्याला होती. जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, कूस बदलून द्यायची. त्यासाठी रोज एक लांबलचक चढ चढावा लागे. त्यांची गाडी छोटी होती, डिझेलवरची, टर्बोवाली.

"चढाला दम टाकते हो," सिस्टर म्हणाल्या. "सपाटीवर अगदी शहाणी असते. चढ लागला की मागे काळा धूर, आणि बैलासारखी अडून बसते. आधीच्या वर्कशॉपवाल्यांनी टर्बोच बदलला. नवा कोरा घातला. फरक शून्य. आता म्हणतायत इंजिन उघडू."

"इंजिन उघडायचं नाही," मिस्त्री म्हणाले. हे मात्र त्यांनी पूर्ण खात्रीने म्हटलं. टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. तो इंजिनात जादा हवा दाबून भरतो आणि त्या दाबाच्या जोरावरच लहान इंजिन मोठं काम करतं. टर्बो नवा असून दम लागत असेल, तर हवा इंजिनापर्यंत पोचण्याआधी वाटेतच कुठेतरी निसटत असणार. वाट तशी लांब नव्हती. टर्बोपासून खाली एक रबरी पाइप, पुढे हवा थंड करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, आणि तिथून वर दुसरा पाइप थेट इंजिनात.

"आणि चढावर एक शिट्टी येते," सिस्टर पुढे म्हणाल्या. "बारीक. किटलीतून वाफ सुटावी तशी. तुम्ही एकदा ऐकाच, तुम्हाला लगेच कळेल. सगळे सांगतात तुमचं."

मिस्त्रींनी हातातलं फडकं उगाच दोनदा झटकलं. तरी ते गाडीत बसले.

चढ सुरू झाला. तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने आधी जोर धरला, आणि पहिल्याच मोठ्या वळणावर तिचं अवसान गळालं. आरशात काळा धूर दिसला.

"ही बघा! आत्ता! ऐकलीत ना?"

मिस्त्रींना इंजिनाची घरघर ऐकू आली, टायरखालची खडी ऐकू आली, सिस्टरांचा आवाज ऐकू आला. शिट्टी नाही. त्यांनी मान कलती केली, डोळे मिटले, श्वास रोखला. काही नाही.

"हो," ते म्हणाले.

"कुठून येते?"

"वरच्या पाइपाच्या जोडातून." अशा गाड्यांत शंभरातल्या साठ वेळा तिथूनच येते, म्हणून ते तसं म्हणाले. गॅरेजात परतल्यावर त्यांनी वरच्या जोडाची पट्टी काढून नवी आवळली, हात पुसले आणि सिस्टरांना निरोप दिला. दिवसभर मात्र ते कुणाशी धड बोलले नाहीत. भावाने दोनदा विचारलं, "दादा, काय झालं?" तर "काही नाही" म्हणून पाना शोधत राहिले. पाना त्यांच्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. बायकोने घेतला, ऐकून घेतला, ठेवला आणि आत आली.

"सिस्टरांची गाडी शेवटच्या दोन वळणांवर बसली. पिवळा दिवा लागला आणि जोर पार गेला. बॅग खांद्यावर टाकून त्या चालत वर गेल्या. एका आजींची जखम बांधायची होती, त्या तासभर तशाच पडून होत्या."

मिस्त्री एका चाकाजवळ बसले होते. ते उठले नाहीत.

"ऐकलंत ना मी काय म्हणाले ते?"

"ऐकलं," ते म्हणाले. "सगळं ऐकलं."

तासाभराने सिस्टर गाडी उतारावरून हळूहळू घेऊन आल्या. चेहरा घामाने डबडबलेला, बुटांवर धूळ. मिस्त्रींना वाटलं, आता चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, आणि ते त्यासाठी तयारही होते. पण सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी बॅग बाकावर ठेवली, मिस्त्रींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि क्षणभराने म्हणाल्या, "काय ऐकू येतंय?"

"कशाचं काय?"

मिस्त्री वळले. सिस्टरांचा हात त्यांच्या कानाजवळ होता आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते. जोरजोरात घासत होते. आवाज मुळीच येत नव्हता.

"दुसऱ्या बाजूलाही केलं मी," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडे पहिली तपासणी अशीच करतात. मिस्त्री, काल तुम्हाला शिट्टी ऐकू आली नव्हती ना?"

दुकानाच्या दारात बायको उभी होती. भाऊ वायरची गुंडाळी हातात घेऊन तसाच थांबला होता. मिस्त्रींनी दोघांकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "खोटं बोललो. वर्ष होऊन गेलं, बारीक आवाज येत नाहीत मला. काल कबूल केलं असतं तर आज तुम्हाला पायपीट झाली नसती. आजींनाही ताटकळावं लागलं नसतं. चूक माझी आहे."

भावाच्या हातातली गुंडाळी खाली पडली. "दादा? तू मला बोलला नाहीस?"

"काय बोलणार? गॅरेजच्या पाटीवरचं 'कानवाले' पुसून दुसरं काय लिहिणार होतास?"

"मला माहीत होतं," बायको म्हणाली. "वर्षभर ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. मला वाटायचं, तुम्ही आपणहून सांगाल."

मग मिस्त्रींनी बाह्या वर सारल्या. "सिस्टर, गाडी इथे ठेवा. आमची सामान आणायची व्हॅन घेऊन जा, ती चढाला कुरकुर करत नाही. मला दोन दिवस द्या. हवा कुठून जातेय ते मी शोधून काढणार. ऐकू येवो न येवो."

"शोधाल ना नक्की?"

"शोधल्याशिवाय या गाडीला बाहेर काढणार नाही."

त्या संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्याला लागणारं साधन घरीच बनवलं. प्लास्टिकच्या नळाचं एक टोपण घेतलं, त्याला भोक पाडून टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. टर्बोच्या तोंडाशी येणारा पाइप काढून तिथे हे टोपण घट्ट आवळलं आणि कॉम्प्रेसरने आतून बेताची हवा भरली. चढावर टर्बो जेवढा दाब देतो तेवढीच, जास्त नाही. म्हणजे गाडी उभी, इंजिन बंद, पण पाइपांना वाटावं आपण चढावरच आहोत. मग साबणाचं पाणी फवारत एकेक जोड तपासायचा. जिथे हवा निसटते तिथे फेस येतो. त्याला कान लागत नाहीत.

फेस आला नाही. एका जोडाला दोन-चार बुडबुडे दिसले, ते पट्टीचा स्क्रू अर्धा आटा फिरवताच बंद झाले. दाब दाखवणारा काटा अगदी हळू खाली येत होता, पण तेवढी हवा इंजिनातून जातेच. भाऊ गुडघ्यावर बसून बॅटरीचा उजेड धरत होता.

"दादा, गळती नाहीये रे. कोरडं ठणठणीत आहे सगळं. दाब मोजणारा सेन्सरच थापा मारत असेल. बदलून टाकू."

"बदलून टाकू बदलून टाकू करतच त्यांनी टर्बो बदलला," मिस्त्री म्हणाले. "आधी मला दाखव की तो खोटं बोलतोय."

भावाने कॉम्प्युटर जोडला. मिस्त्रींनी हवा वाढवली, कमी केली, पुन्हा वाढवली. त्यांच्या काट्यावरचा आकडा आणि सेन्सरचा आकडा दर वेळी जुळला.

"गरीब बिचारा खरं बोलतोय," मिस्त्री म्हणाले. "चढावर हवा कमी पोचते म्हणजे पोचतेच कमी. उभ्या गाडीत जात नाही आणि चढावर जाते, अशी कुठली जागा आहे, ते बघायचं."

जेवताना त्यांचं ताटात लक्ष नव्हतं. चमचा, वाटी, पेला यांची त्यांनी एक रांग लावली होती, आणि बायकोला कळलं की वाटी म्हणजे इंटरकूलर. तिने वाटी उचलून वाढायला घेतली तर ते दचकले.

"आत जरा तेलाचा अंश असतोच," ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "टर्बोतून हवेबरोबर बारीक तेलकट वाफ येते. हवा जिथून निसटेल तिथे थोडा चिकटा राहायला हवा. पण टर्बो बदलताना त्या शहाण्यांनी सगळं धुऊन पुसून लखलखीत करून ठेवलंय. खूण म्हणून ठेवली नाही."

"मग नव्याने पडेल की," बायको म्हणाली.

"पडेल. पण काळ्या पाइपावर काळा डाग दिसणार कसा?"

सकाळी सिस्टर व्हॅनमध्ये डिझेल भरलंय एवढं सांगायला थांबल्या. मिस्त्री रात्रीच्या त्याच विचारात होते. त्यांनी एकदम विचारलं, "सिस्टर, जखम आतून वाहतेय हे तुम्हाला कसं समजतं? वरून तर बंद दिसते."

"पट्टी सोडली की कळतं. डाग पडलेला असतो ना. डाग कुठे, केवढा, त्यावरून जागा समजते."

मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग बॅगेकडे बघितलं.

"तुमच्याकडे पांढऱ्या पट्ट्या किती आहेत?"

सिस्टरांना अर्ध्या मिनिटात सगळं कळलं आणि त्यांनी बॅगेतून तीन गुंडाळ्या काढून बाकावर ठेवल्या. "या कालबाह्य झाल्यात, माणसाला वापरत नाही. गाडीला चालतील." मग म्हणाल्या, "पण गुंडाळायच्या मी. तुम्ही मुळीच नीट गुंडाळणार नाही."

त्यांच्याकडे तासभर होता. तो तास त्या बॉनेटखाली वाकून राहिल्या आणि एखाद्या मोडलेल्या मनगटाला बांधावी तशी एकेक पट्टी निगुतीने बांधत गेल्या. मिस्त्री जागा दाखवत होते. टर्बोच्या आणि धुराच्या नळीच्या जवळपास मात्र काही बांधू दिलं नाही, तिथे कापूस पेटला असता. बाकी सगळे जोड झाले. मिस्त्री समाधानाने मागे सरकले.

बायको दुकानाच्या दारातून बघत होती. "जोडांनाच का बांधताय?" तिने विचारलं. "मध्ये पाइप फाटत नाही का? आपला बागेतला पाइप दर वेळी दुमडतो तिथे फाटतो, तोटीपाशी कधी फाटला नाही."

भाऊ हसला, "वहिनी, हा काय बागेतला पाइप आहे?"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी उरलेली गुंडाळी सिस्टरांच्या हातात दिली. "दोन्ही पाइपांना पूर्ण बांधा. वळणांवर दोन-दोन वेढे."

भावाने पेनाने प्रत्येक पट्टीवर आकडा टाकला. एकूण चौदा झाले. सिस्टर व्हॅन घेऊन आपल्या कामाला गेल्या आणि मिस्त्री स्वतः ती गाडी घेऊन चढावर गेले, भाऊ शेजारी. एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर. दोन्ही वेळा गाडी त्याच वळणावर मरगळली. दोन्ही वेळा भाऊ म्हणाला, "वाजतेय, दादा." मिस्त्री म्हणाले, "वाजू दे. वाजेल तेवढी बरी."

गॅरेजात आल्यावर इंजिन निवेपर्यंत थांबणं सगळ्यांत अवघड गेलं. मिस्त्री दोनदा हात घालायला गेले आणि दोनदा बायकोने त्यांना बाजूला केलं. शेवटी एकेक पट्टी सोडून त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून क्रमाने मांडली. एक, कोरी. दोन, कोरी. तीनवर धूळ, पण धूळच. सातपर्यंत काही नाही. भावाचा चेहरा पडू लागला. आठ, नऊ, दहा कोऱ्या.

अकरावी पट्टी खालच्या पाइपाची. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाताना तो पाइप कोपरासारखा वळतो, त्या वळणाच्या पोटातली, जिथे वरून बघणाऱ्याची नजर पोचतच नाही. मिस्त्रींनी ती उलगडली. बोटभर लांबीचा राखाडी, तेलकट डाग. अगदी सरळ, फुटपट्टीने आखल्यासारखा.

"सापडली," भाऊ ओरडला.

"डाग सापडला," मिस्त्री म्हणाले. "गळती अजून बघायचीय. काल जोडांवर मारलेलं साबणाचं पाणी या वळणावरही ओघळलं होतं, फेस आला नाही. का नाही आला, ते कळल्याशिवाय मी पाइपाला हात लावणार नाही."

बायकोने कपाळाला हात लावला, पण खुर्ची ओढून तीही तिथेच बसली. दुकान उघडंच राहिलं.

गाडी उंच उचलून मिस्त्री पाठीवर खाली सरकले. वळणाला अंगठ्याने दाबून पाहिलं. रबर धडधाकट वाटत होतं. पुन्हा टोपण बसवलं, हवा भरली, फवारलं. कोरडं. त्यांनी पडल्या पडल्या इंजिनाकडे पाहिलं. चढावर काय वेगळं असतं? जोर लागतो. जोर लागला की इंजिन आपल्या जागेवर थोडं मागे कलतं. इंजिन कललं की पाइप ताणतो.

"जॅक दे," ते म्हणाले. "आणि लाकडाची फळी."

त्यांनी फळी मध्ये घालून इंजिनाखाली जॅक लावला, म्हणजे काही चेपणार नाही, आणि हँडल फिरवायला लागले. इंजिन बोटभर सरकलं असतं तर ठीक होतं. ते तीन बोटं सरकलं, अगदी सहज, जणू त्याला कुणी धरूनच ठेवलेलं नव्हतं. मिस्त्रींनी ओला हात पाइपाच्या वळणाखाली धरला होता. मनगटाच्या आतल्या बाजूला गार झुळूक लागली. सुईसारखी बारीक, पण सरळ.

आणि वर भाऊ किंचाळला. "शिट्टी! दादा, शिट्टी वाजतेय!"

"वाजतेय?" मिस्त्रींनी खालून विचारलं. त्यांनी जॅक खाली घेतला. मनगटावरची झुळूक थांबली. "आता?"

"बंद!"

पुन्हा वर. "आता?"

"वाजतेय!"

त्यांनी तीन वेळा तसं केलं. तीनही वेळा झुळूक आणि शिट्टी एकदमच आली, एकदमच गेली. चौथ्यांदा त्यांनी साबण फवारला आणि वळणाच्या पोटात पांढरा फेस फुगून आला, डाग होता त्याच रेघेवर. इंजिन जागेवर आलं की चीर मिटून जायची, वरून मागमूस राहायचा नाही. मिस्त्री तसेच पाठीवर पडून राहिले. डोळ्यांत साबणाचं पाणी गेलं होतं असं त्यांनी नंतर सांगितलं.

इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं तिला मिस्त्रीलोक फाउंडेशन म्हणतात. या गाडीची मागची बैठक आतून दुभंगली होती. म्हणून इंजिन भलतंच झुलायचं, झुलून पाइप ताणायचं, आणि ताणून ताणून पाइपाला चीर पडली होती. नुसता पाइप बदलला असता तर महिन्या-दोन महिन्यांत नवाही तसाच गेला असता. बायकोने यादी चाळली. पाइप दुकानात होता, बैठक मागवावी लागली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि चारच्या सुमाराला दोन्ही बसवून झालं.

सिस्टर आल्या तेव्हा मिस्त्रींनी दाब दाखवणारा काटा एका लांब बारीक नळीने जोडून काचेजवळ चिकटवून ठेवला होता. "गाडी तुम्ही चालवा," ते म्हणाले. "तुमचे कान, माझा काटा. दोघांचं जुळलं तरच गाडी तुमच्या ताब्यात."

चढ लागला. तिसरा गिअर. काटा वर चढला आणि थांबला. पहिलं मोठं वळण आलं. मिस्त्रींनी काट्यावरची नजर काढली नाही. काटा तिथेच, खिळा मारल्यासारखा. आरशात मागे नुसता रिकामा रस्ता.

"शिट्टी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नीट ऐका. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"मिस्त्री, मी रोज लोकांना नको ती खरी गोष्ट सांगते. तुम्हाला कशाला सोडीन? नाहीये शिट्टी." आणि शेवटच्या दोन वळणांवर, जिथे त्यांना बॅग घेऊन उतरावं लागलं होतं, तिथे त्यांनी गिअर न बदलता पाय दाबला. गाडी उत्साहाने वर गेली. सिस्टर मोठ्याने हसल्या, आणि ते हसणं मिस्त्रींना पूर्ण ऐकू आलं.

वर वस्तीत त्या आजींच्या घरी जाणं होतंच. मिस्त्री दारात थांबणार होते, पण सिस्टरांनी त्यांना आत बोलावलं. लहानशी खोली, खिडकीखाली पलंग. आजी खूप म्हाताऱ्या होत्या. मिस्त्रींनी पुढे होऊन सांगितलं, "परवा तुम्हाला थांबावं लागलं ना, ते माझ्यामुळे. गाडी दुरुस्त न करताच दिली मी."

आजींनी त्यांना नीट न्याहाळलं. "झाली आता?"

"झाली."

"मग उभा का? बस," आजी म्हणाल्या, आणि सिस्टरांपुढे पाय केला.

उतरताना सिस्टरांनी कानांच्या दवाखान्याचा विषय काढला. मिस्त्रींना तो निघेल याची कल्पना होती, आणि नको म्हणायची चार-पाच कारणं त्यांनी मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही त्यांनी बाहेर काढलं नाही. "वार कुठला?" एवढंच विचारलं.

बायको बरोबर गेली. तपासणीची खोली कपाटाएवढी होती, भिंतींना जाड गादी लावलेली. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई बसल्या होत्या. पहिले आवाज ठळक होते. मग ते बारीक होत गेले, आणि मग नुसती शांतता. मिस्त्रींच्या लक्षात आलं की बाई कळ दाबताना त्यांचा खांदा जरासा हलतो. खांदा बघून बटण दाबणं काही कठीण नव्हतं. त्यांचा अंगठा बटणावर गेलासुद्धा.

मग त्यांनी काचेकडे पाठ फिरवली आणि खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले. जे ऐकू आलं त्यालाच बटण दाबलं. बऱ्याच वेळा ते हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले.

कानात घालायची यंत्रं यायला तीन आठवडे लागले. दोन, घेवड्याच्या दाण्याएवढी. पहिल्या दिवशी गॅरेजात कॉम्प्रेसर चालू झाला आणि मिस्त्रींनी दोन्ही उपसून खिशात टाकली. "हा काय कारखाना आहे का?" ते भावावर खेकसले. भाऊ म्हणाला, "दादा, तीस वर्षं एवढाच आवाज आहे." दुसऱ्या दिवशी ती अर्धा दिवस कानात राहिली. आठवड्याने बायकोने आतून हाक मारली, तर मिस्त्री म्हणाले, "ओरडू नकोस गं, ऐकू येतंय."

पण आता ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतात. गाडीजवळ उभे राहतात, मान कलती करायची सवय सुटलेली नाही, आणि म्हणतात, "मला काही आवाज येतात, काही येत नाहीत. तुम्हाला काय ऐकू आलं ते सांगा. कधी आलं, चढाला की उताराला, गार असताना की तापल्यावर. सगळं सांगा, घाई नाही." आणि लोक सांगत असताना भाऊ कागदावर उतरवून घेतो.